बारी, बिबट्या आणि न उघडणारी फाइल

सकाळी साडेसहा

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात सगळं एकदम येतं. गावोगावच्या यात्रा, घाटातले बैलगाडे, तमाशाचे फड, लग्नसराई. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी टिपत असतं. कुणी मोठ्या कॅमेऱ्यावर, कुणी मोबाईलवर, कुणी ड्रोनवर. गोठ्यावरचा सीसीटीव्ही तर कुणी न सांगता रात्रभर टिपत असतो. नारायणगावातल्या आमच्या स्टुडिओत शूटिंग नवरा करतो. एडिटिंग आणि फाइलींचं रूपांतर माझ्याकडे असतं.

दिवसाचं पहिलं काम म्हणजे रात्री रांगेत लावलेल्या फाइली तपासणं. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली म्हणून फाइल बरोबर झाली असं मी धरत नाही. प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी चालवून बघते, आणि शेवटाकडे जास्त वेळ देते. मोबाईलच्या चित्रीकरणात आवाज आणि ओठ यांची फारकत हळूहळू वाढत जाते. पहिल्या मिनिटाला ती लक्षातही येत नाही, तासाभराने मात्र मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींचं तोंड आधी हलतं आणि आवाज नंतर येतो. आज एका हळदीच्या फाइलीत तेच झालंय. कारण ठरलेलं आहे. मोबाईल सेकंदाला तीस फ्रेम म्हणतो, पण मांडवातला उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो चोवीस-सत्तावीसवर उतरतो. आवाज मात्र एकाच चालीने चालू राहतो. हँडब्रेकमध्ये फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ ठेवून फाइल पुन्हा रांगेत लावते. एडिटिंगला घेण्याआधीच हे करून टाकलं की पुढचा सगळा त्रास वाचतो.

साडेआठ

शटर पूर्ण वर जायच्या आत एक काका पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे आहेत. कुकडीच्या कालव्याकडचे, ऊसवाले.

“ताई, बिबट्या आलाय गोठ्यावर. रात्री सव्वादोनला. कॅमेऱ्यात दिसतोय, पण मोबाईलवर उघडंना. पोराने नाव बदलून बघितलं, तरी नाही.”

पोराने फाइलच्या नावाच्या शेवटचं ‘डीएव्ही’ खोडून ‘एमपीफोर’ लिहिलंय. हे मला रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागतं. फाइलचं शेपूट म्हणजे डब्याच्या झाकणावरचं नाव. झाकण बदलून आतली भाजी बदलत नाही. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे सगळे डबेच आहेत. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते वेगळं पाहावं लागतं. 2003 सालची एच.264 ही पद्धत आज बहुतेक सगळीकडे चालते. 2013 सालची एच.265 निम्म्याच्या आसपास जागेत तेवढंच चित्र बसवते, म्हणून सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवाल्यांना ती सोयीची. पण जुना टीव्ही आणि जुना फोन तिच्यापुढे अडतो. त्यातून डीव्हीआर बनवणाऱ्यांचे आपापले खास डबेही असतात. म्हणून माझा नियम असा की आधी मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून आत काय आहे ते वाचायचं, आणि रूपांतराचं बटण त्यानंतर दाबायचं. आत एच.264 निघालं तर नव्याने दाबायची गरजच नसते. एफएफएमपेग या साधनाने नुसता डबा बदलायचा, काही सेकंदांत काम होतं आणि चित्राला धक्का लागत नाही. मला येणाऱ्या अडलेल्या फाइलींपैकी पुष्कळ अशाच सुटतात, आणि तरीही लोक त्या तासन्‌तास पुन्हा दाबत बसतात, दर वेळी थोडं चित्र गमावत.

काकांची फाइल तशी नाही. आत एच.265 आहे, आणि वेळेची नोंद डब्याच्या खास भाषेत असल्यामुळे माझ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही. चित्राचा प्रवाह उघडा करून चालवला तर बिबट्या पडद्यावरून सुसाट पळतो. काका दचकतात. “एवढा जोरात?”

तो जोरात पळत नाहीये. फाइलीत वेळ सापडली नाही की एफएफएमपेग सेकंदाला पंचवीस फ्रेम धरून चालतं. काकांच्या गोठ्यावरचा कॅमेरा पंधराच घेतो. म्हणजे एका मिनिटाची घटना छत्तीस सेकंदांत संपते, आणि शांतपणे चालत गेलेलं जनावर झडप घातल्यासारखं दिसतं. पडताळायला कोपऱ्यात छापलेलं घड्याळ आहेच. घड्याळाचे दहा सेकंद माझ्या स्टॉपवॉचवर दहाच भरले पाहिजेत. फ्रेमरेट पंधरा सांगून पुन्हा चालवते. आता बिबट्या गव्हाणीच्या कडेने सावकाश येतो, थांबतो, कुंपणाकडे वळतो. गाय उठून उभी राहते. शेतात रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या मनात या दोन चित्रांतून दोन वेगळ्या भीती बसतात, आणि मला त्याच्या हातात खरं चित्र द्यायचं आहे.

पुढचा प्रश्न दर्जाचा. रात्रीचं चित्र काळंपांढरं, दाणेदार. चित्र दाबणारा एन्कोडर कमी जागेत बसवायला लागला की सगळ्यात आधी अंधारातला तपशील टाकून देतो, कारण तिथे माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही असा त्याचा हिशेब असतो. इथे मात्र सगळं अंधारातच आहे. ‘दाणे घालवा’ हा फिल्टर लावला की चित्र गुळगुळीत होतं आणि लांब शेपटी गवताच्या रेषेत विरघळून जाते. मग तो बिबट्या, तरस की मोठं कुत्रं यावर गावात वाद सुरू. म्हणून फिल्टर बंद ठेवते. हँडब्रेकच्या गुणवत्तेच्या पट्टीवर एरवी बावीसला ठेवते तो आकडा इथे अठरावर आणते. आकडा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एच.264, आठ बिट, एमपीफोर. ही फाइल काकांच्या फोनवर चालणार आणि वनरक्षकाच्याही.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. उसाच्या आडोशाला बिबट्याची मादी पिल्लं वाढवते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. वनखात्याची माणसं आली की त्यांना किती वाजता, कुठल्या बाजूने आला, एकटा होता की बरोबर पिल्लं होती, एवढंच कळायला हवं असतं. नीट रूपांतर केलेली वीस सेकंदांची क्लिप ते सांगते. वाईट रूपांतर केलेली क्लिप नुसती घबराट पसरवते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या जुन्या क्लिपा ‘काल आपल्या शिवारात’ म्हणून फिरतात, त्यात आणखी एकीची भर.

काकांना तीन गोष्टी लिहून देते. डीव्हीआरची हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून मूळ चित्रणाची दुसरी प्रत आजच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाईलचं घड्याळ एका फोटोत येईल असा फोटो काढा, म्हणजे किती मिनिटांचा फरक आहे ते पुढे सांगता येईल. आणि वनखात्याला 1926 या क्रमांकावर फोन करा. क्लिप पाठवाल ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, व्हिडिओ म्हणून नको. व्हिडिओ म्हणून गेली की व्हॉट्सॲप ती पुन्हा दाबतं, आणि मी जपलेली शेपटी जाते.

साडेदहा

मंचरच्या एका लग्नाचा पेनड्राइव्ह परत आलाय. घरच्या टीव्हीवर आवाज येतो, चित्र नाही. फाइल एच.265 मध्ये दिली गेली होती, टीव्ही सात-आठ वर्षांपूर्वीचा. एच.264 मध्ये करून द्यायची तर फाइल मोठी होते, आणि तो टीव्ही फॅट32 पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचतो. त्यावर एक फाइल चार जीबीच्या वर जातच नाही. तीन तासांचं लग्न चार जीबीत कोंबायचं तर सेकंदाला जेमतेम तीन मेगाबिट वाट्याला येतात, आणि वरातीतल्या दिव्यांचे चौकोन दिसायला लागतात. त्यापेक्षा सीमांतपूजन, लग्न, वरात असे भाग पाडावेत. आठ मेगाबिटला तासाचे साडेतीन जीबीच्या आसपास होतात. फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवते, कारण कित्येक टीव्ही देवनागरीच्या जागी चौकटी दाखवतात.

याच लग्नात नवरीच्या भावाने आयफोनवर काढलेली हळद आहे. 2020 च्या मॉडेलपासून हे फोन एचडीआरमध्ये टिपतात, म्हणजे साध्या टीव्हीला न पेलणारा उजेड फाइलीत साठवतात. तशीच दुसऱ्या क्लिपांशेजारी टाकली तर हळदीचा पिवळा रंग जळून पांढरा होतो आणि नवरीच्या गालावर नुसता डाग राहतो. एडिटिंगच्या आधी प्रत्येक अशी क्लिप साध्या रंगपद्धतीत उतरवून घेते, उजेड हाताने खाली आणून. याला शॉर्टकट नाही.

दुपारी एक

डबा उघडलाय आणि चार पोरं आत. चेहऱ्यावर घाटाची धूळ. काल त्यांचा गाडा दुसऱ्या नंबरात गेला. आमच्या भागात गाडे एकेक करून घाट चढतात, पुढे घोडी, आणि बारी सेकंदांवर मोजली जाते. त्यांची बारी 11.96, पहिल्याची 11.94. त्यांचं म्हणणं, मोबाईलच्या क्लिपमध्ये आमचाच गाडा आधी पोचतोय, फ्रेम मोजून द्या.

“ताई, तुम्ही फक्त लिहून द्या. समितीला दाखवू.”

हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बंदीच्या त्या वर्षांत घाट सुने पडले, तरी या घरांनी खोंडं पोसली, दावण मोडली नाही. आता शर्यत नियमांच्या चौकटीत चालते, तिचं चित्रीकरणही जपून ठेवलं जातं. त्या चित्रावरून काही सांगायचं तर ते खरंच असलं पाहिजे.

पोरांनी आणलेली क्लिप व्हॉट्सॲपवरून आलेली. ती बाजूला ठेवते. तिच्यात व्हॉट्सॲपने फ्रेमा पुन्हा रचल्यात, मोजण्यात अर्थ नाही. ज्याच्या फोनवर काढली त्याचा फोन मागवते, केबल लावून मूळ फाइल उतरवते. तिलाही नेहमीच्या पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकून मोजायचं नसतं, कारण तिसाची पंचवीस करताना सॉफ्टवेअर दर सहा फ्रेमांतली एक गाळतं, आणि नेमकी रेषेवरची फ्रेम गळू शकते. एफएफप्रोब नावाचं साधन मूळ फाइलीतल्या प्रत्येक फ्रेमवर लिहिलेली वेळ काढून देतं. ती यादी कागदावर छापून चौघांसमोर ठेवते. दोन फ्रेमांमधलं अंतर कुठे 0.033 सेकंद आहे, कुठे 0.041. उन्हात फोन तापला होता.

“बघा दादा. भांडण 0.02 सेकंदाचं आहे. तुमच्या फोनने त्याहून जास्त वेळाने एकेक चित्र घेतलंय. बैल रेषेच्या अलीकडे आहे हे एका फ्रेममध्ये, पलीकडे गेलाय हे पुढच्या. मध्ये कधी ओलांडली ते या फाइलीत नाहीच. मी काय, कुणीही ते काढू शकत नाही.”

त्यातला सगळ्यात लहान पोरगा यादीवर बोट ठेवून बराच वेळ बघतो. मग विचारतो, पुढच्या वेळी काय करायचं. याच प्रश्नासाठी मी जेवण थंड होऊ दिलं असं म्हणेन. फोन हातात नको, तिकाटण्यावर हवा, शेवटच्या रेषेच्या अगदी समोर. सेकंदाला 120 फ्रेम घेणारा मोड लावायचा, म्हणजे दोन चित्रांत आठ-नऊ हजारांश सेकंदच राहतात. फोन सावलीत. आणि क्लिप कुणालाही पाठवायच्या आधी मूळ फाइल कॉम्प्युटरवर. निकाल घड्याळाचाच राहील, पण शंका आली तर बघायला काहीतरी भरवशाचं असेल.

साडेतीन

वीज गेली. यूपीएसवर फार वेळ निघणार नाही, म्हणून चालू असलेलं एन्कोडिंग थांबवते. अशा वेळेसाठीच आम्ही लाइव्ह कीर्तनाचं रेकॉर्डिंग ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्हीत करतो. एमपीफोर आपली अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहितो, मध्येच वीज गेली की ती लिहायची राहते आणि दोन तासांचं कीर्तन कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. एमकेव्ही जिथवर लिहिलं तिथवर चालतो. नंतर ओबीएसमधूनच त्याचा एमपीफोर करता येतो, चित्र नव्याने न दाबता.

काळोख्या दुकानात कॅसेटींची पेटी उघडते. या कामाला वीज परत आल्यावरच हात लावता येईल, पण आधी डोळ्यांनी तपासणी करावी लागते. व्हीएचएसच्या खिडकीतून टेप बघायची. पांढरी भुरी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आणि नवा व्हीसीआर मिळणार नाही. जगात ते बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं.

आजची पेटी तमाशातल्या एका घरातून आली आहे. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. हे गाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं. 1957 आणि 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. 2002 मध्ये त्या गेल्या. त्यांच्यासारख्यांचं नाव राहिलं. पण फडात मागे उभं राहून झील धरणाऱ्या, सोंगाड्याला टाळी देणाऱ्या कित्येक कलावंतांचं हलतं चित्र कुठे असेल तर ते यात्रेत कुणी हौसेने काढलेल्या अशा कॅसेटीतच.

चार वाजून गेल्यावर वीज येते. एक स्वच्छ कॅसेट लावते. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं दाखवते, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हालचाल झाली की या ओळी कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. त्या जोडायचा सोपा मार्ग म्हणजे दोन अर्ध्यांचं एक करून पंचवीस फ्रेम बनवणं. बहुतेक लोक तेच करतात. लावणीवर हा अन्याय आहे. गिरकीतला, पदन्यासातला निम्मा तपशील त्यात जातो आणि घुंगराचा ठेका पायाच्या आधी ऐकू आल्यासारखा वाटतो. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला ‘बॉब’ निवडलं की प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र होतं, सेकंदाला पन्नास. नाच परत नाचासारखा दिसतो. चौकटही नीट ठेवायची. 720 बाय 576 चं चित्र चारास तीनच्या प्रमाणात दाखवायचं असतं. टीव्हीभर ताणलं की बाया बुटक्या आणि रुंद होतात, आणि आपल्या आजीला असं बघणं कुणाला आवडेल?

ही झाली बघायची प्रत. त्याआधी कॅसेटवरून जसं उतरलं तसं, ओळी फाटलेल्या, काहीही न गाळता, एफएफव्ही1 या पद्धतीने एमकेव्हीत ठेवते. जागा खूप लागते. पण वीस वर्षांनी आजच्याहून चांगली ओळ-जोडणी आली तर ती या प्रतीवर चालवता येईल. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावला. तिथल्या अंगणातलं एखादं लग्न कुणाच्या कॅसेटीत असेल तर ते पुन्हा चित्रित करायला अंगण नाही. म्हणून अशा घरातून पेटी आली की मी जागेचा हिशेब करत नाही.

संध्याकाळी सव्वासहा

नवऱ्याचा फोन, घाटावरून. गर्दीत धक्का लागून कॅमेऱ्याची बॅटरी निसटली, शेवटची क्लिप उघडत नाही. दुपारी म्हटलं तेच, अनुक्रमणिका लिहायची राहिली. पहिलं सांगणं, त्या कार्डावर आता काही काढू नको, कॅमेरा ‘रिपेअर करू का’ विचारेल त्याला हो म्हणू नको. साडेसातला कार्ड हातात येतं. आधी त्याची जशीच्या तशी प्रत. मग अनट्रंक, एक फुकट मिळणारं साधन. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून द्यायची. ती बघून ते मोडक्या फाइलीत कुठे चित्र, कुठे आवाज हे ओळखत जातं आणि अनुक्रमणिका नव्याने लिहितं. शेवटची काही सेकंदं जातात, बाकी परत मिळतं. आजही मिळालं, निशाण पडतंय तिथपर्यंत.

रात्री साडेनऊ

रांग लावायची वेळ. मंचरचं लग्न तीन भागांत, एच.264, कॉन्स्टंट पंचवीस. हळद पुन्हा. तमाशाची बघायची प्रत, पन्नास फ्रेम. प्रत्येकीचं एक मिनिट आधी काढून बघते आणि मगच पूर्ण लावते, रात्र वाया जायला नको.

मग वही. फाइल कुठून आली, आत काय निघालं, काय केलं, मूळ कुठे ठेवलं. काकांच्या डीएव्हीपुढे लिहिते: फ्रेमरेट 15, घड्याळावरून पडताळला, मूळ न बदलता ठेवली. उद्या पोलिसांना किंवा कोर्टाला अशी फाइल लागली तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रात फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या बिटांवरून निघणारा आकडा, द्यावा लागतो. एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. म्हणून मूळ फाइलीचा हॅश आजच काढून त्या ओळीत उतरवते.

काकांचा फोन येतो. वनरक्षक येऊन गेले, क्लिप त्यांच्या फोनवर चालली, ठसेही बघितले.

“ताई, तुम्ही म्हणालात तसं घड्याळ बघितलं. आमचं अकरा मिनिटं पुढं आहे.”

वहीत त्यांच्या ओळीपुढे ती अकरा मिनिटं लिहून घेते, आणि नवऱ्याच्या हातात उद्याचं कार्ड देते. कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं, पंचवीस फ्रेमवर लावलेलं.